लेबलावरचा आकडा आणि आतलं नाणं

फणसवाडीत आत्याच्या घरी धनत्रयोदशीच्या आदल्या दुपारचं एक काम ठरलेलं असे. कपाटाच्या खालच्या खणातून पत्र्याचा जुना डबा निघायचा आणि डब्यातून मऊ फडक्यात बांधलेले अकरा राणीछाप रुपये. ते ताम्हनात ओतायचे, वर चिंचेचा कोळ, मग चिमूटभर रांगोळी, आणि अंगठ्याने गोल गोल घासत बसायचं. तासाभरात राणीचा गाल असा लखलखायचा की आत्या समाधानाने हात धुवायला उठायची. दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर हळदकुंकू वाहिलं जायचं आणि पाडवा झाला की रुपये परत डब्यात जायचे.

बऱ्याच वर्षांनी ते रुपये मी लालबागच्या एका मित्राला दाखवले. त्याची अर्धी हयात नाण्यांत गेली आहे. त्याने भिंग डोळ्याला लावलं, खिडकीच्या उजेडात एकेक रुपया तिरपा केला आणि म्हणाला, "चांदी खरी, रुपया खरा. पण यांना आकडा मिळणार नाही."

जुन्या नाण्यांचा बाजार आज बराचसा या आकड्यावर चालतो. फोर्टातल्या लिलावात किंवा नाण्यांच्या प्रदर्शनात गेलात तर पारदर्शक प्लॅस्टिकच्या चपट्या डबीत बंद केलेली नाणी दिसतील. वर लेबल, लेबलावर ग्रेड आणि एक क्रमांक. या डबीला सगळे 'स्लॅब' म्हणतात. स्लॅबमागे कंपनीची हमी असते, आणि त्या हमीवर पैसा कमावणारेही असतात. तो कसा कमावतात, किती जणांना जमतो आणि आपल्याकडे त्याचा रस्ता कुठे अडतो, ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

आकडा कुठून आला

विल्यम शेल्डन या अमेरिकन संग्राहकाने १९४९ मध्ये त्यांच्या देशातल्या जुन्या तांब्याच्या सेंट नाण्यांवर पुस्तक लिहिलं आणि त्यात १ ते ७० अशी मोजपट्टी मांडली. जेमतेम ओळखू येणारं नाणं १, निर्दोष नाणं ७०. कल्पना अशी होती की ७० चं नाणं १ च्या नाण्याच्या सत्तर पट किमतीचं असावं. किमतींनी हे गणित कधीच मोडलं, पट्टी मात्र टिकली. आज ६० ते ७० म्हणजे व्यवहारात न फिरलेलं नाणं, ज्याला 'एमएस' म्हणतात. ५० ते ५८ म्हणजे नावापुरतं झिजलेलं, आणि त्याखाली उतरती भाजणी.

१९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या अमेरिकन कंपन्या सुरू झाल्या. एक कॅलिफोर्नियातली, दुसरीचं ठाणं आज फ्लोरिडातल्या सारासोटा इथे आहे. शुल्क भरून नाणं पाठवायचं, त्यांचे तज्ज्ञ ते पाहून ग्रेड ठरवतात, डबीत बंद करून परत पाठवतात. सोबत वचन असतं: नाणं खोटं निघालं किंवा दिलेली ग्रेड जास्त होती असं ठरलं, तर फरकाची भरपाई आम्ही करू. याआधी बहुतेक वेळा नाणं विकणाराच त्याची प्रत सांगायचा आणि घेणाऱ्याला ती मानावी लागायची. ज्याला विक्रीत रस नाही अशा तिसऱ्याने मत द्यावं आणि त्या मताची किंमतही मोजावी, हा बदल फार मोठा होता. त्याचं श्रेय या कंपन्यांना दिलंच पाहिजे.

बट्ट्याचा जुना हिशेब

आपल्या लोकांना ही कल्पना तशी नवी नाही. पेशवाईत पुण्या-नाशिकच्या बाजारात अंकुशी, चांदवडी, सुरती असे नाना तऱ्हेचे रुपये एकाच वेळी फिरत. कुठला रुपया कुठे किती कमी धरायचा ते सराफ ठरवायचा, आणि त्या कपातीला म्हणत बट्टा. नाणं झिजलं की बट्टा, परमुलखातलं असलं की बट्टा. नावाला बट्टा लागतो तो याच पेढीवरून आला. सराफ रुपया फरशीवर टाकून आवाज ऐकायचा, बोटांनी काठ चाचपायचा, आणि शंका फिटली की कधी कधी बारीक पंच मारून आपली खूण उमटवायचा. ती खूण हीच त्याची हमी. तो रुपया पुढच्या हाती गेला की त्या खुणेला बाजारात वजन असे.

आज तीच सराफी खूण असलेलं नाणं ग्रेडिंगला गेलं तर बऱ्याचदा पंचाचा व्रण म्हणून त्याची प्रत उतरते. ज्या खुणेने एके काळी भरवसा दिला तिलाच आज दोष मानतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. इतिहास म्हणून पाहिलं तर तसला रुपया कोऱ्या रुपयापेक्षा जास्त बोलतो.

हमीतून पैसा कसा निघतो

पहिला मार्ग साधा. सुटं नाणं स्वस्तात घ्यायचं, ग्रेड करून घ्यायची, स्लॅबसकट विकायचं. घेणाऱ्याला खरेखोट्याची धास्ती उरत नाही म्हणून तो चार पैसे जास्त देतो. इथे नफा मिळतो तो हमीचा. तुम्ही नाण्यात काही भर घातलेली नसते, घेणाऱ्याची भीती तेवढी काढलेली असते.

दुसरा मार्ग डबी फोडण्याचा. ग्रेड देणारी माणसंच असतात, आणि तेच नाणं आज ६३ आणि सहा महिन्यांनी ६४ ठरू शकतं. वरच्या पायऱ्यांवर एका अंकाने भाव दुप्पटही होतो. म्हणून जाणकार लोक ६३ च्या ढिगातून ६४ ला टेकलेलं नाणं हुडकतात, डबी फोडतात आणि नाणं नव्याने पाठवतात. न फोडताही फेरतपासणीला पाठवता येतं, पण फोडून पाठवलं की आधीच्या आकड्याचं दडपण तपासणाऱ्यावर राहत नाही, असा त्यांचा हिशेब. याचा एक उपद्रव असा की कोणत्या ग्रेडची किती नाणी तपासली याची जी यादी कंपन्या ठेवतात ती फुगते. एकच रुपया तीनदा गेला आणि जुनी लेबलं परत पाठवली नाहीत, तर यादीत तीन रुपये दिसतात.

तिसरा मार्ग थेट हमीचा, आणि तोच फार थोड्यांना ठाऊक असतो. एखाद्या नाण्याला चुकून जास्त ग्रेड मिळालेली असते. जाणत्यांच्या ते ध्यानात येतं, म्हणून त्या आकड्याचा पूर्ण भाव त्याला कुणी देत नाही. ते पडून राहतं आणि शेवटी मालक कंटाळून पडत्या भावाने काढून टाकतो. इथेच तिसरा माणूस शिरतो.

समजा, एका रुपयाच्या स्लॅबवर ६४ लिहिलंय. बाजारात खऱ्या ६४ ला ३ लाख मिळतात आणि ६२ ला दीड लाख. नाणं दिसतंय ६२ चं, म्हणून मालक ते २ लाखांना देऊन टाकतो. घेणारा ते हमीखाली कंपनीकडे पाठवतो. कंपनीने चूक मान्य केली आणि ग्रेड ६२ केली, तर मधला फरक, म्हणजे दीड लाख, ती भरून देते. हातात दीड लाखाचं नाणं आणि दीड लाख रोख. घातले दोन, झाले तीन. कंपनीने नाणंच विकत घेतलं तरी जमाखर्च जवळपास तोच.

कागदावर हे सोन्याहून पिवळं दिसतं. प्रत्यक्षात तीन ठिकाणी गाडी अडते. एक, चूक झाली की नाही हे चूक करणारी कंपनीच ठरवते. आपल्याच निकालावरच्या अपिलाला तीच न्यायाधीश. दोन, भाव कोणता धरायचा तेही तीच ठरवते. अमेरिकन डॉलरच्या नाण्यांचे भाव बारकाईने नोंदलेले असतात, पण मुंबई टांकसाळीच्या एखाद्या दुर्मीळ प्रकाराची वर्षानुवर्षं एकही विक्री होत नाही. मग फरक काढायचा कशावरून? तीन, पाठवणी, विमा, शुल्क, दोन्हीकडची जकातीची कागदपत्रं. छोट्या किमतीच्या नाण्यात हा खर्चच नफा गिळतो.

हे नीतीला धरून आहे का, असं मला विचारतात. माझं मत स्पष्ट आहे. चूक खरी असेल तर हा माणूस बाजाराचं भलंच करतो, कारण एक खोटा आकडा फिरायचा थांबतो. घरी नाणं बिघडवून हमी मागणारा मात्र चोर.

हमी जिथे संपते

१९९० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने पीसीजीएसच्या जाहिरातींवर हरकत घेतली. ग्रेडिंग अगदी वस्तुनिष्ठ आहे आणि त्याने गुंतवणुकीतली जोखीम जाते, असा समज त्यांतून होतो, हा आक्षेप होता. प्रकरण तडजोडीने मिटलं आणि जाहिरातीत सावधगिरीची सूचना देणं आलं. ग्रेड हे मत आहे, तेव्हाही होतं आणि आजही आहे. हमी त्या मताची असते, पुढे भाव टिकेल याची नसते.

अटी वाचल्या की आणखी बरंच गळतं. लेबलावर छपाईची उघड चूक असेल, उदाहरणार्थ १९१८ च्या जागी १८१८, तर त्यावर दावा लागत नाही. डबीशी छेडछाड झाली असेल तर नाही. आणि नाणं डबीत गेल्यानंतर बदललं तर बहुधा नाही. मुंबईकराने नेमकं हेच कलम चष्मा लावून वाचावं. तांब्याच्या पाव आण्याला 'रेड' म्हणजे टांकसाळीतल्या लाल झळाळीचा शेरा मिळाला, तर त्याची किंमत तपकिरी झालेल्या नाण्याच्या कितीतरी पट होते. पण तांबं हवा ओळखतं. डबी हवाबंद नसते. परळ-लालबागच्या जुन्या इमारतीत जुलै महिन्यात भिंतीला ओल येते, कपाटातले कपडे दमट लागतात, आणि ती लाली दोन पावसाळ्यांत मावळू शकते. तांब्याच्या रंगाची हमी कंपन्यांनी याच कारणासाठी आखडती घेतली आहे. चांदीवर उमटणारे दुधाळ डागही त्याच पंगतीतले.

घासलेल्या नाण्याचं काय होतं ते आत्याच्या रुपयांनी दाखवलं. मित्राने मला भिंगातून राणीच्या गळ्याजवळची जागा दाखवली. केसाएवढे बारीक, एकाच दिशेने वळलेले शेकडो ओरखडे. टांकसाळीतून निघालेल्या रुपयावर धातू साच्यात पसरताना उमटलेली एक झळाळी असते. नाणं तिरपं फिरवलं की ती चाकाच्या आऱ्यांसारखी पृष्ठभागावर धावते. रांगोळीने ती कायमची पुसली गेली होती, उरली होती ती भांड्याची चमक. अशा नाण्याला नुसता 'डिटेल्स' शेरा मिळतो, आकडा नाही. माळेत ओवायला कडी डकवलेले आणि मग कडी काढून तासलेले रुपयेही याच रांगेत बसतात. आपल्याकडे अशा माळा आणि रुपयांची बटणं घरोघरी होती.

शंभर वर्षांची भिंत

अमेरिकन संग्राहकाला जो खेळ टपालाने खेळता येतो तो आपल्याला का येत नाही, याचं मोठं कारण कायद्यात आहे. पुरावस्तू व कलाकोष अधिनियम, १९७२ नुसार शंभर किंवा अधिक वर्षांचं नाणं ही पुरावस्तू. तिची निर्यात केंद्र सरकार किंवा त्याने अधिकार दिलेली संस्था सोडून कुणालाही करता येत नाही. 'विकायला नाही, नुसतं तपासायला पाठवतोय' ही सबब चालत नाही. मोडणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड अशी तरतूद आहे. पुरावस्तूंचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो तो वेगळाच.

म्हणजे व्हिक्टोरियाचा कुठलाही रुपया, एडवर्डचा रुपया, शिवराई, होन यांतलं काहीही फ्लोरिडाला पाठवता येणार नाही. जॉर्ज पाचव्याची सुरुवातीची नाणी ही रेषा केव्हाच ओलांडून गेली आणि उरलेली वर्षागणिक ओलांडत आहेत. म्हणून १८६२ चा रुपया स्लॅबमध्ये दिसला तर विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारावा: तो तपासला कुठे, आणि इथे आला कसा? परदेशातल्या जुन्या संग्रहातून रीतसर आयात झालेला असू शकतो. तसं असेल तर कागद असतात. आणि समजा त्याची ग्रेड चुकलीय असं तुम्हाला वाटलं, तरी तो तिकडे परत पाठवायची वाट बंद आहे. ती हमी लेबलावर राहील, तुमच्या हाती येणार नाही. असा स्लॅब घेताना बोली लावण्याआधीच ही हमी किमतीतून वजा करावी, असं मी सांगतो.

नव्या नाण्यांच्या वयाविषयी शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'पुरावस्तू नाही' असा दाखला घेण्याची सोय आहे. तो घेतल्यावाचून पाकीट टपालात टाकू नये.

मुंबईच्या टांकसाळीची कोडी

फोर्टातली टांकसाळ १८२४ ते १८३० या काळात बांधली गेली आणि आजही तिथेच आहे. तिच्या नाण्यांत इतक्या बारीक खोड्या आहेत की लेबल चुकायला पुरेपूर जागा मिळते.

१८६२ चा राणीछाप रुपया घ्या. त्यावर पुढची कित्येक वर्षं तेच साल छापत राहिले. मुंबईच्या रुपयांवर मात्र तारखेजवळ बारीक ठिपके वाढत गेले, आणि संग्राहक त्या ठिपक्यांवरून खरं वर्ष लावतात. फ्रेड प्रिडमोर यांच्या सूचीत हे प्रकार ओळीने मांडले आहेत. एखादा ठिपका झिजला किंवा मोजताना सुटला की रुपयाचा प्रकारच बदलतो, आणि प्रकार बदलला की भावही.

१९११ च्या रुपयावर जॉर्ज पाचव्याच्या झग्यावरचा हत्ती असा कोरला गेला की लोकांना तो डुकरासारखा दिसला. ओरड झाली, नाणी मागे घेऊन बरीचशी वितळवली, आणि पुढच्या वर्षी हत्तीची सोंड सुधारली. हा 'पिग रुपी' आजही हौसेने शोधतात. १९३९ चा जॉर्ज सहाव्याचा मुंबईचा रुपया त्याहून दुर्मीळ. ९१.७ टक्के चांदीच्या रुपयांतला तो शेवटचा, १९४० पासून चांदी निम्म्यावर आली. तो अजून शंभरीत गेलेला नाही, म्हणून परदेशी तपासणीची वाट त्याला मोकळी आहे, आणि स्लॅबचा खरा उपयोगही इथेच होतो. कारण १९३८ च्या ८ चा ९ करणारे कारागीर काही कमी नाहीत.

टांकसाळीने संग्राहकांसाठी जुन्या साच्यांतून पुन्हा पाडलेली नाणी हे वेगळंच प्रकरण. त्यांना 'रीस्ट्राइक' म्हणतात. ती टांकसाळीचीच असतात, म्हणून खोटी नव्हेत, पण त्या सालचीही नव्हेत. लेबलावर हा शब्द आहे की नाही यावर किमतीत जमीन-अस्मानाचं अंतर पडतं.

मी फसलो ते असं

एका प्रदर्शनात मी स्लॅबमधला एक रुपया घेतला. क्रमांक तिथल्या तिथे फोनवर तपासला, कंपनीच्या नोंदीत तोच प्रकार आणि तीच ग्रेड. पैसे देऊन मोकळा झालो. घरी येऊन सावकाश पाहिलं तर नोंदीतल्या फोटोतल्या रुपयावर राजाच्या कानाजवळ एक काळसर डाग होता, माझ्या हातातला रुपया स्वच्छ. डबीच बनावट होती. खऱ्या स्लॅबचा क्रमांक उचलून लेबल छापलं होतं आणि आत ओतीव नक्कल बसवली होती. विकणाऱ्याने हात वर केले: "तुम्ही नंबर बघून घेतलात ना?"

अशा वेळी कंपनीची हमी लागू होत नाही, कारण ती डबी तिची नसतेच. उरतो तो विकणाऱ्याचा शब्द आणि त्याची पावती. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ तुमच्या पाठीशी आहे, पण एक मेख आहे. पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारी हेतूने वस्तू घेणारा त्या कायद्यात 'ग्राहक' ठरत नाही. हमीवर नफा काढायला निघालेल्याने हे लक्षात ठेवावं. शिवाय स्लॅबमधलं नाणं ग्रेड पटली नाही म्हणून परत घेणार नाही, अशी अट लिलावात सर्रास असते. माझ्या पावतीवर नुसतं 'जुने नाणे, १ नग' लिहिलं होतं. आता मी साल, टांकसाळ, लेबलाचा क्रमांक आणि 'नाणे अस्सल असल्याची हमी' हे शब्द लिहून घेतल्याशिवाय खिशात हात घालत नाही.

फोनवर येणाऱ्या दुसऱ्या सापळ्याबद्दलही सांगतो. 'तुमच्याकडचं जुनं नाणं लाखोंना घेतो, आधी कमिशन भरा' असे संदेश रिझर्व्ह बँकेच्या नावाने फिरतात. ४ ऑगस्ट २०२१ ला बँकेने पत्रक काढून सांगितलं की ती असा व्यवहार करत नाही आणि तिच्या नावाने कुणालाही शुल्क किंवा कमिशन मागायचा अधिकार नाही. आमच्याच चाळीतल्या एका निवृत्त मास्तरांचे पैसे यात गेले.

घरातल्या डब्याचं काय करावं

ब्रिटिशकालीन रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, बरोबर एक तोळा. म्हणून तर जुन्या पाककृतींत आणि वैद्यांच्या चिठ्ठ्यांत 'रुपयाभार' हे माप येतं. छोटा डिजिटल काटा आज सहज मिळतो. झिजलेला रुपया थोडा कमी भरेल, पण अर्धा-पाऊण ग्रॅमचा फरक आला की सावध व्हावं, आणि जास्त भरला तर त्याहून सावध. लोहचुंबकाला चिकटला तर विषयच संपला.

स्टेशनरीच्या दुकानातल्या मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटांत नाणी ठेवू नयेत. ते पीव्हीसी असतं, काही वर्षांनी त्यातून हिरवट चिकटा सुटतो आणि नाण्यात मुरतो. पुठ्ठ्याच्या आणि मायलरच्या चौकटी, सोबत सिलिका जेलची पुडी, एवढं पुष्कळ होतं. पावसाळ्याआधी आणि नंतर पुडी बदलावी. नाणं उचलताना काठाला धरावं.

चाळ पाडताना भिंतीत किंवा जोत्यात नाणी सापडली तर ती खिशात घालायची नसतात. १८७८ चा निखात निधी अधिनियम अजून लागू आहे. जमिनीत किंवा तिला जोडलेल्या बांधकामात दडवलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची ठेव सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

डोळा तयार करायचा असेल तर फोर्टात रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय आहे, काळा घोड्याजवळ छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं नाण्यांचं दालन आहे. मुंबई विद्यापीठात दिनेश मोदी यांच्या नावाची नाणकशास्त्राची संस्था शिकवते. मराठा नाण्यांसाठी महेश्वरी आणि विगिन्स यांचा १९८९ चा ग्रंथ ग्रंथालयात बसून पाहावा.

आत्याच्या अकरा रुपयांपैकी एक डब्याच्या तळाला, वर्तमानपत्राच्या घडीखाली अडकून राहिला होता. ती दहाच मोजायची आणि अकरावा कुठे गेला म्हणून हळहळायची, अशी दोन-तीन वर्षं गेली होती म्हणे. मित्राने तो काढला तेव्हा त्यावर राखाडी-निळसर छटा चढली होती, कडेला जांभळी झाक. मधल्या वर्षांत कुणी घासला नव्हता. १८६२ चा. मित्राने भिंग माझ्या हाती दिलं, म्हणाला, "तारखेखालचे ठिपके मोज." मी तीनदा मोजले, तिन्ही वेळा वेगळे आले. आत्या शेजारीच बसली होती. तिने विचारलं, "मग हा यंदा पूजेत ठेवायचा की नाही?" ठेवला. पण चिंचेशिवाय, आणि हळदकुंकू वाहिलं ते शेजारच्या सुपारीवर.